डगल, वय वर्षे एकावन्न

बुधवारी मी दवाखान्यात बसत नाही. गाडीत पेटी टाकायची आणि ज्यांना आपलं जनावर घेऊन येणं जमत नाही त्यांच्या घरी जायचं, हा माझा बावीस वर्षांचा रिवाज आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांची नखं, मांजरांचे दात आणि महिन्यातून तीन-चारदा शेवटचं इंजेक्शन. हे शेवटचं काम मी चांगलं करते. घाई करत नाही, खोटं बोलत नाही, मालकासमोर रडत नाही. नियम एकच. धडधाकट जनावराला केवळ मालकाची अडचण होते म्हणून मी झोपवत नाही. त्यावरून इन्व्हरकार्गिलमधली दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत.

नेटा गिलँडर्सचा फोन जूनच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, आला. आवाज म्हातारा, पण खणखणीत.

“नाव?” मी विचारलं.

“माझं की त्याचं?”

“त्याचं.”

“डगल.”

“वय?”

“ऑगस्टात एकावन्न पुरी होतील.”

मी पेन थांबवलं. “पोपट आहे का?”

“नाही.”

“कासव?”

“अगं, तू ये तर खरी. चहा टाकते.”

नेटा राहत होती ते ब्लफ आमच्या इन्व्हरकार्गिलपासून अर्ध्या तासावर. रस्ता संपतो तिथे जमीनही संपते, पुढे सामुद्रधुनी आणि दक्षिणेचा वारा. नेटाचं घर टेकडीच्या चढावर, बंदराकडे तोंड करून. मी पोचले तेव्हा तीन वाजले होते आणि उजेड आत्ताच पिवळा पडायला लागला होता. फाटकाशी तिचा शेजारी उभा होता. रुंद छातीचा, पासष्टीचा माणूस, जन्म समुद्रातली कालवं काढणाऱ्या बोटीवर गेलेला. त्याने नाव सांगितलं, वायरेमू.

“तुम्ही डगलसाठी आलात ना, डॉक्टर?”

“हो. कसा आहे तो?”

“मी आत जात नाही हल्ली.” त्याने हात खिशात घातले. “पूर्वी रोज जायचो चहाला. नेटा चहा फार चांगला करते.”

“चावतो की काय?”

तो हसला नाही. “नाही. चावत नाही. पण जे करायचं ते नीट करा. अर्धवट नको.”

दार उघडलं तेव्हा बोळातल्या गारठ्यात माझा श्वास वाफ होऊन दिसला. नेटा पुढे चालत होती, अर्ध्या बाह्यांच्या सुती झग्यात, चौऱ्याऐंशी वर्षांची. स्वयंपाकघर ओलांडून तिने मला काचेच्या पडवीत नेलं आणि माझ्या तोंडची वाफ थांबली. मी कोट काढला. हीटर शोधला, तो नव्हता. चूलही नव्हती. बाहेर वाऱ्याने काचा थरथरत होत्या.

“हा डगल,” नेटा म्हणाली.

ती मेणफुलांची वेल होती. आमच्याकडे जुन्या घरांत असते तशीच. जाड, चामड्यासारखी पानं, मेणाने घडवल्यासारखे गुलाबी झुबके. पण एवढी मोठी मी पाहिली नव्हती. कोपऱ्यातल्या मातीच्या कुंडीतून अंगठ्याएवढं खोड वर आलं होतं आणि खुंट्याखुंट्यांवरून त्याने पडवीला तीन वेढे घातले होते. एक फांदी दारातून स्वयंपाकघरात गेली होती. ते दार किती वर्षांत लागलं नव्हतं कोण जाणे. जिकडेतिकडे पानं नसलेली लांब कोवळी टोकं अधांतरी लोंबत होती. ही वेल अशीच वाढते, आधार चाचपत.

मी खुर्चीत बसले. राग आला नाही. एकट्या राहणाऱ्या माणसांचं मला सगळं माहीत असतं.

“नेटा,” मी म्हटलं, “मी गुराढोरांची डॉक्टर आहे.”

“माहिताय मला. म्हणून तर तुला बोलावलं. माळ्याला बोलावलं असतं तर तो कात्री घेऊन आला असता.”

मग तिने सांगितलं. सोमवारी ती इन्व्हरकार्गिलच्या वृद्धाश्रमात जाणार होती. गुडघे गेले होते, चढाव झेपत नव्हता. तिथे एक पाळीव प्राणी न्यायला परवानगी आहे, पक्षी किंवा मांजर. फॉर्मवर पाळीव प्राण्याच्या रकान्यात तिने डगलचं नाव लिहिलं. मॅनेजरबाईंनी ते खोडलं. झाड म्हणजे पाळीव प्राणी नव्हे, म्हणाल्या, हवं तर एक फांदी छोट्या कुंडीत लावून आणा.

“कुत्र्याचा कान कापून बरोबर न्यायला सांगतात का कुणाला?” नेटा म्हणाली. मग चहाच्या कपाकडे बघत हळूच पुढे बोलली, “पण खरं सांगू? त्यांनी खोडलं ते बरं झालं. मलाच वाटत होतं त्यांनी नाही म्हणावं.”

“का?”

“हा माझ्याशी चांगला आहे. माझा नवरा क्लॅरी गेल्यापासून तर फारच. पण दुसऱ्यांशी नाही. म्हणजे वाईट नाही गं वागत. माझा दीर यायचा पत्ते खेळायला, सेल्विन. तिथे बसायचा, तू बसलीस तिथेच. पहिला डाव संपायच्या आत डोळे मिटायचे त्याचे. हाका मारा, हलवा, काही नाही. वायरेमू त्याला ओढत अंगणात न्यायचा तेव्हा जाग यायची. आणि जाग आली की रडायचा सेल्विन. पुन्हा आत जायचं म्हणायचा. शेवटी मी लोकांना बोलवणंच सोडलं.” तिने माझ्याकडे पाहिलं. “त्या आश्रमात बेचाळीस माणसं आहेत, रोना.”

जेवण झालेलं, उबदार जागा, ऐंशीचा म्हातारा. झोप लागणारच. मी असं म्हटलंही.

“असेल,” नेटा म्हणाली. “पण इथेही त्याला ठेवता येत नाही. माझ्याशिवाय राहत नाही तो. शोधत येईल.”

मी ठरवलं की हिची समजूत काढायची, थोडी तपासणी करायची आणि प्रेमाने निरोप घ्यायचा. अशा वेळी हातांना काम दिलं की बोलणं सोपं जातं. मी पेटीतून शून्यापासून मोजणारा थर्मामीटर काढला आणि दोन पानांच्या बेचक्यात धरला. नेटाला दाखवायला म्हणून, बाकी काही नाही.

आकडा आला अडतीस पूर्णांक तीन.

मी थर्मामीटर पुसला, माझ्या काखेत धरला, तो ठीक होता. भिंतीला लावला तर अकरा. दुसऱ्या पानांत धरला, खिडकीजवळच्या, जिथे काच बर्फासारखी होती. अडतीस पूर्णांक चार. निरोगी कुत्र्याचं तापमान.

“ताप नाहीये ना?” नेटाने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

ती साखर आणायला स्वयंपाकघरात गेली. तिथून तिने सहज, घरातल्याला मारतात तशी हाक मारली, “डगल, पाहुणीला त्रास देऊ नकोस हं.” मी वेलीकडे बघत होते. काही हललं नाही. माझी शपथेवर सांगायची तयारी आहे, काही हललं नाही. पण मी पेटीकडे मान वळवली आणि पुन्हा वर पाहिलं, तेव्हा खिडकीकडे लोंबणारी सगळी टोकं स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. एक सोडून. ते एक माझ्या पेटीच्या कडीवर टेकलेलं होतं.

मी ते दोन बोटांनी उचलून बाजूला केलं. ते गरम होतं आणि त्याला वजन होतं, झोपलेल्या मांजराच्या शेपटीला असतं तसं.

आता माझी पंचाईत झाली. हे नुसतंच झाड असेल तर इंजेक्शन म्हणजे एका म्हातारीची समजूत, द्यायला हरकत नाही. पण हे जनावर असेल, तर ते धडधाकट जनावर होतं आणि मालकीण घर बदलते म्हणून त्याला मारायचं होतं. माझ्या नियमात ते बसत नव्हतं. तिथे बसून मी हा विचार खरोखर, गंभीरपणे करत होते, हे जेव्हा माझ्या लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी पाठ फिरवली आणि सिरिंजमध्ये सलाईन भरलं. नुसतं मिठाचं पाणी.

नेटाने एक कोवळं टोक तळहातावर घेतलं होतं. मी कुंडीजवळ गुडघ्यांवर बसले आणि खोडात सुई घातली. पांढरा चीक बाहेर आला. मी सावकाश दट्ट्या दाबला.

“झोप, डगल,” नेटा म्हणाली. “शहाणा माझा तो. झोप आता.”

आधी लांबची टोकं खाली आली. स्वयंपाकघरातली, मग दारातली, मग खिडकीवरची. एकेक वेढा सैल पडत आला, जसं भूल दिलेलं जनावर मागच्या पायांपासून बसत जातं. पानं मिटली नाहीत, फक्त त्यांची चकाकी गेली. चार मिनिटं लागली. मी सवयीने घड्याळ बघत होते. थर्मामीटर लावला. एकतीस. बावीस. मग चौदा. पडवीत गारठा भरला आणि माझ्या तोंडून वाफ यायला लागली.

नेटा रडली, आवाज न करता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने मी थर्मामीटर पुन्हा खोडाला लावला.

गाडीत बसून मी बाटली तपासली. सलाईनच होतं. शेवटच्या इंजेक्शनच्या औषधाची, हिरवा रंग घातलेली बाटली कप्प्यात बंद होती, सीलही फोडलेलं नव्हतं.

त्याला माझ्या औषधाने काही झालं नव्हतं. तिने झोप म्हटलं म्हणून तो झोपला होता.

सोमवारी नेटा आश्रमात गेली. मी तिला भेटायला जाईन म्हणत राहिले आणि गेले नाही. जुलैच्या मध्यावर वायरेमूचा फोन आला. तो घर रिकामं करत होता.

“वेल उतरवली, डॉक्टर. सुतळीसारखी वाळलीय, हाताने मोडत होती. चांगलं काम केलंत.” मागे वारा ऐकू येत होता. “कुंडी उचलली तर तिला बूड नव्हतं.”

“म्हणजे?”

“मूळ जमिनीच्या लाकडी फळ्यांमधून खाली गेलेलं. मी घराखाली सरपटत गेलो बघायला. माझ्या मनगटाएवढं आहे. फाटकाखालून रस्त्याकडे गेलंय.”

“वाळलेलं?”



“मी त्याला हात लावला,” तो म्हणाला, “आणि बाहेर आलो. मग घरी जाऊन दिवसभर झोपलो. बायको म्हणते, झोपेत हसत होतो.”

त्यानंतरच्या आठवड्यात ब्लफच्या वाटेवरच्या ग्रीनहिल्समधल्या एका गोठ्यात गाय अडली म्हणून सकाळी लवकर निघाले. आकाश स्वच्छ होतं, रात्रीचं दव गोठून सगळी कुरणं मिठासारखी पांढरी झाली होती. रस्ता आणि रेल्वेचा रूळ यांच्यामध्ये गवताचा लांब पट्टा आहे. त्यावर मला एक रेघ दिसली. तळहाताएवढी रुंद, हिरवी, ओली. दोन्ही बाजूंना पांढरं आणि मध्ये ती. दक्षिणेकडून आली होती, ब्लफकडून. गोठ्याच्या वळणाआधी थोडी ती संपली.

पाण्याचा नळ असेल जमिनीखाली, मी मनाशी म्हटलं. वासरू काढलं, हात धुतले, परत आले.

पुढच्या गोठलेल्या सकाळी रेघ अवारुआपर्यंत, इन्व्हरकार्गिलच्या आणखी जवळ, आली होती.

मी नगरपालिकेत फोन केला. त्या पट्ट्याखाली नळ नाही, गटार नाही, तार नाही, असं तिथल्या माणसाने नकाशा बघून सांगितलं. का विचारता म्हणाला. मी म्हटलं, सहज.

ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी मी सगळ्या भेटी रद्द केल्या आणि आश्रमात गेले. अकरा वाजले होते. पेटी गाडीत ठेवली. आधी बोलायचं ठरवलं होतं.

नेटा आपल्या खोलीत खिडकीशी बसली होती. तब्येत सुधारलेली, गालांवर रंग. मला बघून तिने खुर्चीवरची लोकर उचलली.

“आलीस? मला वाटलं लाजतेस की काय.”

“नेटा, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“मिठाचं पाणी दिलंस.”

मी बसले.

“अगं, क्लॅरीच्या कुत्रीला माझ्या मांडीवर झोपवलंय. ते औषध हिरवं असतं. तुझ्या सुईत पांढरं स्वच्छ पाणी होतं. म्हातारी झाले, आंधळी नाही.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

तिने लोकरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“तुला नियम आडवा आला. मला काय आडवं आलं असेल, तूच सांग. एकावन्न वर्षं. मी म्हटलं, आपल्या हातून नाही ना झालं. तू केलं नाहीस, मी पाहिलं नाही, झोपलाय बिचारा, झोपू दे.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “मी बोलावलं नाही गं त्याला. देवाशपथ नाही. फक्त आठवण काढली.”

“तो कुठे आहे?”

“गेल्या आठवड्यात सोमवारी आला. नाश्त्याच्या वेळी. पहिले दोन दिवस बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. मग बाकीच्यांना कळलं.”

“काय कळलं?”

नेटाने दाराकडे पाहिलं. बाहेर कसलाही आवाज नव्हता. बेचाळीस म्हाताऱ्यांच्या घरात, सकाळी अकरा वाजता, ना टीव्ही, ना खोकला, ना भांडी.

“यावेळी हिरवं दे,” ती म्हणाली. “मी त्याला समजावते. पण लवकर कर.”

मी उठले. येताना मी बागेच्या बाजूच्या दाराने आले होते, पण गाडीकडे जायला मोठ्या हॉलमधला रस्ता जवळचा.

हॉलमधल्या खुर्च्या टीव्हीभोवती नव्हत्या. त्या एका रांगेत होत्या. भिंतीला समांतर नव्हे, तिरप्या, खिडकीच्या कोपऱ्यापासून बोळाच्या तोंडापर्यंत, जमिनीवर कुणी दोरी ताणून आखून दिल्यासारख्या. एकवीस खुर्च्या एका बाजूला, तेवढ्याच दुसऱ्या. समोरासमोर म्हातारी माणसं बसली होती, डोळे मिटून. कुणाच्या पायांत सपाता नव्हत्या. सगळ्यांचे उघडे तळवे मधल्या एका चिंचोळ्या पट्टीवर टेकलेले.

ते हसत होते. मोठ्याने नाही.

गरम मधासारखा वास येत होता.

गणवेशातली एक मदतनीस मुलगी भिंतीला टेकून बसली होती. “पूर्वी केवढी भांडणं व्हायची चॅनेलवरून,” ती डोळे न उघडता कुजबुजली. “आम्ही खुर्च्या परत लावल्या दोनदा. आता नाही लावत.”

मी सवयीने छात्या बघितल्या. एक वर गेली. मग लक्षात आलं, सगळ्याच वर गेल्या. सगळ्याच खाली आल्या.

दरवाजा दहा पावलांवर होता. काचेतून माझी गाडी दिसत होती. मागच्या सीटवर पेटी.

“रोना,” मागून नेटाची हाक आली. “अगं, थांबू नकोस तिथे.”

मी थांबले नव्हते. मी खाली वाकून डाव्या बुटाची नाडी सोडत होते. उजवा बूट आधीच बाजूला नीट ठेवलेला होता.